घरी होडी बांधणाऱ्यांनो, आधी आपली खाडी बघा

संपादकसाहेब, नमस्कार.

आमच्या गोव्यातल्या चोडण बेटावर वाड्यावरची तीन पोरं घरीच होडी बांधायला निघालीत, प्लायवूड आणि इपॉक्सी म्हणजे कडक होणाऱ्या गोंदाची, वल्हवायची पण आणि वारा असला की शीड लावून हाकायची पण. ऐकून फार बरं वाटलं. पण त्यांनी नेटवरून काढलेलं डिझाइन बघितलं आणि हे पत्र लिहायला बसलो, कारण तीच चूक मी चार वर्षांपूर्वी केलीय.

मी तेव्हा आठ फूट लांब, चार फूट रुंद, सपाट बुडाची होडी बांधली होती, का तर प्लायवूडच्या शीटमधून सोपी निघते. दुपारी खारा वारा सुटला की मांडवीत मस्त पळायची. पण एकदा संध्याकाळी वारा पडला, ओहोटी लागली, आणि एवढ्या रुंद होडीत मधे बसून पॅडल पाण्यापर्यंत नीट पोचेचना, एका बाजूला सरकलो की होडी कलायची, आणि मी जागच्या जागी गोल फिरत पणजीकडे वाहत चाललेलो, तेही फेरीबोटीच्या वाटेत. शेवटी फेरीवरच्या खलाशाने दोर टाकला म्हणून धक्क्याला लागलो.

गोम इथेच आहे. मधे बसून पॅडलने वल्हवायला होडी अरुंद हवी, अडीच फुटांच्या आसपास, आणि शिडाला रुंद हवी नाहीतर वारा आडवी करतो. रुंदी सव्वापट केली तर होडीचा तोल सांभाळायची ताकद जवळजवळ दुप्पट होते, म्हणून सगळे डिझाइनवाले रुंदी वाढवत जातात. मिरर नावाची डिंगी, म्हणजे छोटी शिडाची होडी, सगळे सुचवतात, १९६३ ची, जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांची, प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवून वरून फायबरग्लास पट्टी मारायची. होडी चांगलीच आहे, पण ३.३ मीटर लांब आणि साडेचार फुटांच्या आसपास रुंद, लांब वल्ह्यांनी रेटायची, आपल्या खारफुटीच्या चिंचोळ्या ओहोळात ती वल्ही पसरायची कुठे?

आपल्याकडे याचं उत्तर कधीच शोधून झालंय. रापणीच्या म्हणजे मोठं जाळं टाकायच्या होडीला बाजूला उलांडी असते ना, होडीला समांतर बांधलेला तरंगता ओंडका, तीच! मूळ होडी अरुंदच ठेवायची आणि दोन आडव्या दांड्यांवर उलांडी बांधायची, तोल ती सांभाळते. ओहोळात शिरताना दांड्या सोडून उलांडी होडीतच ठेवता आली पाहिजे, एवढं डिझाइन करतानाच बघायचं.

शीड चाळीस-पंचेचाळीस चौरस फुटांचं पुरे. डोलकाठी ताणदोरांशिवाय उभी राहणारी आणि होडीच्या लांबीत मावणारी घ्या, खारफुटीच्या फांद्या आल्या की उचलून आडवी ठेवता येते. होडी वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून फळी लागते, पण बुडातून खाली जाणारी घेऊ नका, भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा सुद्धा, आपल्याकडे चिखल वर येतो आणि फळी अडकली की ती बसते ती मधली पेटीच चिरते. त्यापेक्षा कडेला लटकणारी फळी बरी, जमिनीला लागली की आपसूक वर होते. सुकाणू पण वर उचलणारंच हवं.

प्लायवूडबद्दल जरा जास्त सांगतो. मला एका दुकानात मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारं, म्हणून जे दिलं ते मरीन नव्हतंच, पहिल्या पावसाळ्यातच कडेला पापुद्रे सुटले, बोटाने ओढले तर पानासारखे निघायचे. आता मी शीटवर आय.एस. ७१० या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का बघतो, आणि तरीसुद्धा एक तुकडा कापून पातेल्यात चार तास उकळतो, थर सुटले तर माल परत. घरात वास सुटतो, बायको ओरडते, पण खरंच करा. कापलेली प्रत्येक कड इपॉक्सीने दोनदा भरून घ्या, पाणी शिरतं ते तिथूनच. आणि लाइफजॅकेट घातल्याशिवाय कुणी उतरू नका, पोहता येत असलं तरी.

ज्या दिवाडी बेटावर म्हादेई ही शिडाची बोट बांधली, जिच्यातून नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे जगाला फेरी मारून आले, ती दिवाडी आमच्या शेजारचीच. कसब इथेच आहे हो, पण लहान उलांडीच्या होडीची मापं कागदावर उतरलेली मला कुठे सापडली नाहीत, जुन्या कारागिरांच्या हातातच राहिलीत. तुम्ही वाचकांना एवढं विचाराल का, की ज्यांच्या घरी जुनी होडी अजून आहे त्यांनी तिची लांबी, रुंदी, उलांडी किती लांब आणि होडीपासून किती हातांवर, हे टेप लावून कळवावं? ही पोरं पाऊस संपला की कापायला घेणार आहेत, त्याआधी छापून आलं तर त्यांच्या कामाला येईल.

— एक वाचक, चोडण