पेठेतली बातमी पेठेत जाऊनच लिहावी

महोदय,

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले, म्हणून तो दिवस आपण पत्रकार दिन पाळतो. मात्र पत्रकारिता शिकणारी आम्ही मुले सरावलेखनासाठी अजूनही मोबाइलवर फिरणारा मजकूरच पुन्हा मांडतो, याची मला खंत वाटते. आमच्या पेठेतील गढूळ पाण्याची चित्रफीत व्हॉट्सॲपवर घरोघरी पोहोचली होती. पण मी चौकशीला गेले तेव्हा गटारालगतची, सायकलची ट्यूब गुंडाळून बांधलेली जलवाहिनी एका आजींनी मला दाखवली. चित्रफितीत ती कुठेच नव्हती. नव्या माध्यमांचा वेग हवाच, परंतु जागेवर जाऊन पडताळलेल्या अशा सरावलेखनाला आपल्या वृत्तपत्राने आठवड्यातून निदान अर्धा स्तंभ द्यावा, ही कळकळीची विनंती.

– पत्रकारितेची एक विद्यार्थिनी, सातारा