मेणबत्ती आणि लाटणं

लाइपझिश, 11 ऑक्टोबर

ती. आजीस,
साष्टांग नमस्कार.

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन अजून महिनाही झाला नाही, तेव्हा हे पत्र स्वतः वाचायचं नाहीस. बाबांना मोठ्याने वाचायला सांग. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू "जेवलीस का, थंडी किती आहे" याच्या पुढे मला जाऊच देत नाहीस. तर आधी तेच सांगते. जेवले. थंडी आहे, पण तू विणलेला स्वेटर पुरतो.

परवा 9 ऑक्टोबर होता. या गावात हा दिवस आपल्याकडच्या 1 मेसारखा असतो. संध्याकाळी पाच वाजता निकोलाई चर्चमध्ये प्रार्थना होते आणि अंधार पडला की ऑगुस्टुसप्लात्स नावाच्या मोठ्या चौकात हजारो लोक मेणबत्त्या घेऊन जमतात. जमिनीवर त्या मेणबत्त्यांचा 89 असा आकडा मांडतात. मीही एक लावली. माझ्या शेजारी आमच्या तळमजल्यावरच्या बाई उभ्या होत्या. मला फ्लूचा ताप आला तेव्हा सूप आणून देत होत्या, त्याच. हे पत्र खरं तर त्यांच्यामुळे लिहितेय.

1989 साली हे गाव पूर्व जर्मनीत होतं. एकच पक्ष, निवडणूक नावापुरती, सीमेवर भिंत, आणि घराघरात कान लावून बसलेले श्टाझी, म्हणजे त्यांचे गुप्त पोलीस. निकोलाई चर्चमध्ये 1982 पासून दर सोमवारी शांततेसाठी प्रार्थना व्हायची. सुरुवातीला मूठभर माणसं असायची. तिथले पाद्री ख्रिस्टियान फ्यूरर यांनी चर्चबाहेर पाटी लावली होती, "सर्वांसाठी खुलं". सर्वांसाठी म्हणजे खरंच सर्वांसाठी. देवावर विश्वास नसलेले, देश सोडायचा अर्ज केल्यामुळे नोकरी गेलेले, सगळे यायचे, कारण चार माणसांनी एकत्र बसून मनातलं बोलावं अशी दुसरी जागाच उरली नव्हती. सात वर्षं दर सोमवारी हे चालू होतं. या सात वर्षांबद्दल कुणी फारसं बोलत नाही, पण मला त्यांचंच जास्त कौतुक वाटतं. गर्दी होते तेव्हा सगळेच जातात. दहाबारा माणसं असताना, बाहेर कोण आपली नावं टिपून घेतंय हे माहीत असताना पुढच्या सोमवारी परत जायचं, याला काळीज लागतं.

89 च्या उन्हाळ्यात हंगेरीची सीमा सैल झाली आणि तिकडून माणसं पळून जायला लागली. इथे सोमवारी प्रार्थना संपल्यावर चर्चबाहेर लोक ओरडायचे, "आम्हाला बाहेर जायचंय!" मग एका सोमवारी उलट घोषणा आली, "आम्ही इथेच राहणार!" शेजारच्या बाई म्हणाल्या की ती ऐकून अंगावर काटा आला. जाणाऱ्याला सरकार घालवून देऊ शकतं. जो म्हणतो मी इथेच राहणार आणि तुम्ही बदला, त्याचं काय करणार? आजी, मला तुझी आठवण झाली. नळाला पाणी येत नाही म्हणून घर बदलणारी तू नव्हतीस, वॉर्ड ऑफिसात जाऊन बसणारी होतीस.

2 ऑक्टोबरला वीसेक हजार लोक रस्त्यावर आले आणि त्यांच्यावर लाठ्या चालल्या. 7 तारखेला देशाचा चाळिसावा वाढदिवस होता. त्या दिवशी पकडलेल्यांना गावाबाहेरच्या प्रदर्शनाच्या मैदानावरच्या घोड्यांच्या तबेल्यात कोंडलं. त्याच्या आदल्या दिवशी इथल्या वर्तमानपत्रात पक्षाच्या सशस्त्र कामगार पलटणीच्या एका कमांडरचं पत्र छापून आलं होतं. आम्ही आमच्या हातांनी उभारलेल्याचं रक्षण करू, गरज पडली तर हातात शस्त्र घेऊन, असं त्यात लिहिलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये चीनने बीजिंगमध्ये स्वतःच्याच मुलांवर रणगाडे घातले होते, आणि पूर्व जर्मनीच्या संसदेने त्याला जाहीर पाठिंबा दिला होता. म्हणजे 9 तारखेच्या सोमवारी काय होऊ शकतं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

आता बाईंची गोष्ट. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या, मुलगी दोन वर्षांची. त्या दिवशी सकाळीच सांगण्यात आलं की दुपारी तीनच्या आत मुलांना पाळणाघरातून घेऊन जा. का, ते सांगितलं नाही. इस्पितळांत जादा रक्त आणि खाटा तयार ठेवल्यात अशी कुजबुज होती. नवराबायको दोघांनाही जायचं होतं, पण एकाने मुलीपाशी थांबायचं असं ठरलं. दोघंही गेले आणि दोघंही परत आले नाहीत तर? तेव्हा पुष्कळ घरांत असंच ठरलं होतं म्हणे. त्यांच्या आईने 17 जून 1953 पाहिला होता. त्या वेळी कामगार उठले आणि रशियन रणगाड्यांनी त्यांना चिरडलं. आई दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, मी रणगाडे पाहिलेत, तू नाही पाहिलेस.

बाईंनी टेबलावर मुलीचं लसीकरणाचं कार्ड ठेवलं. घराची दुसरी किल्ली ठेवली. मुलीला कुठलं औषध चालत नाही ते कागदावर लिहून ठेवलं. मग टाचेचे बूट काढून सपाट बूट घातले. पळावं लागलं तर असू देत, म्हणून. नाडीची दुहेरी गाठ मारली.

हे सांगताना त्या चौकातल्या मेणबत्त्यांकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही.

पुढचं सगळं पुस्तकांत आहे. तरी तुला सांगते, कारण ते ऐकण्यासारखं आहे. पक्षाने दुपारीच आपली सहाएकशे माणसं चर्चमध्ये पाठवली, म्हणजे खऱ्या लोकांना जागाच मिळू नये. फ्यूररनी त्यांना हाकललं नाही. वरचे सज्जे तेवढे बंद ठेवले, कामावरून सुटून येणाऱ्यांना बसायला मिळावं म्हणून. शत्रूवरही प्रेम करा, हे येशूचं वचन मग त्या सहाशे जणांनी बाकावर बसून ऐकलं. संध्याकाळी गावभर लावलेल्या सरकारी कर्ण्यांतून कुर्ट माझूर यांचा आवाज आला. ते इथल्या जगप्रसिद्ध गेवांडहाउस ऑर्केस्ट्राचे प्रमुख होते. त्यांनी, एका धर्मशास्त्रज्ञाने, एका विनोदी नटाने आणि पक्षाच्याच तीन सचिवांनी मिळून एक आवाहन लिहिलं होतं, सगळ्यांनी संयम ठेवा, बोलून मार्ग काढू. पक्षाच्या त्या तिघांनी वरून परवानगी न घेता सही केली होती. गोळी चालली असती तर त्या तिघांचं काय झालं असतं, कल्पना कर.

मग लोक निघाले. जुन्या गावाला वळसा घालणारा साडेतीन किलोमीटरच्या आसपासचा रिंग रोड आहे. सत्तर हजार माणसं त्यावर चालत होती. "आम्हीच जनता!" जर्मन भाषेत चार लहान शब्द आहेत, पावलाच्या ठेक्यात बसणारे. पोलीस स्वतःला 'लोकपोलीस' म्हणवून घ्यायचे, त्यांच्या तोंडावर हे ओरडायचं. आणि त्याहून जास्त वेळा दुसरी घोषणा, "हिंसा नको!" ही पोलिसांसाठी होती आणि स्वतःसाठीही. कुणी दगड उचलायला वाकलं तर शेजारचा त्याचा हात धरायचा. फ्यूरर नंतर सांगायचे की मेणबत्तीला दोन हात लागतात, एकाने धरायची आणि दुसऱ्याने वारा अडवायचा, मग दगड कुठल्या हाताने उचलणार?

रेल्वे स्टेशनपाशी पोलिसांच्या रांगा होत्या. तिथेच काय ते ठरणार होतं. इथल्या अधिकाऱ्याने बर्लिनला फोन लावून विचारलं, काय करू? तिकडून लगेच उत्तर आलं नाही. एवढी माणसं पाहून पोलिसांना मागे घेतलं गेलं, आणि बर्लिनचा फोन आला तोवर मोर्चा पुढे निघून गेला होता. बाई म्हणाल्या, तिथे त्यांना आपल्याच कारखान्यातला एक माणूस पलटणीच्या गणवेशात उभा दिसला. त्याने नजर खाली केली. बाईंनी त्याला नावाने हाक मारून विचारलं, बायकोची तब्येत कशी आहे? तो म्हणाला, बरी आहे. एवढंच.

दोन तरुण जवळच्या एका चर्चच्या मनोऱ्यावर लपून हे सगळं चित्रित करत होते. ती टेप चोरून पश्चिमेत पोचली आणि दुसऱ्या रात्री टीव्हीवर अख्ख्या देशाने ती पाहिली. पुढच्या सोमवारी सव्वा लाखाच्या आसपास लोक आले. आणखी दोन दिवसांनी पूर्व जर्मनीचा सर्वोच्च नेता होनेकर पायउतार झाला. बरोबर एका महिन्याने, 9 नोव्हेंबरला, भिंत उघडली. भिंतीचा फोटो शाळेच्या पुस्तकांतही असेल, पण इथले लोक म्हणतात की ती पडली ती 9 ऑक्टोबरलाच, इथल्या रस्त्यावर.

बाई नऊच्या सुमारास घरी पोचल्या. स्वयंपाकघरात दिवा नव्हता. नवरा अंधारात खिडकीशी उभा होता, त्याने सूप गरम करून ठेवलं होतं आणि स्वतः खाल्लं नव्हतं. त्यांना बोलताच येईना. बुटाची गाठ सुटेना, तर त्याने खाली बसून ती सोडवली.

एक गोष्ट मला लपवायची नाही. अलीकडच्या वर्षांत इथे सोमवारी दुसरेच मोर्चे निघाले, आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांच्या विरोधात, आणि घोषणा तीच, "आम्हीच जनता!" मी पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा ट्राममध्ये होते आणि पुढच्या स्टॉपवर उतरायचं धाडस झालं नाही. बाईंना सांगितलं तर रागाने त्यांचा चेहरा लाल झाला. म्हणाल्या, आमच्या तोंडचे शब्द चोरले यांनी. त्या सगळ्यांसाठी खुलं लिहिलेल्या दारातून बाहेर आलेले शब्द आहेत ते. अशा मोर्च्यांच्या समोर उभ्या राहणाऱ्यांतही त्या जाऊन उभ्या राहिल्या, साठीला टेकलेल्या असून. म्हणून परवा मी त्यांच्या शेजारी उभी होते.

आजी, 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून शेतकरी चालत आले तेव्हा मी घाटकोपरच्या मावशीकडे होते, आठवतं? हायवेवर लाल टोप्यांची रांग संपतच नव्हती. सुरगाण्या-पेठकडच्या बायका, काहींच्या पायात चपलाही नव्हत्या, तळव्यांची सालं निघालेली. आम्ही पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे होतो. एका बाईने माझ्या हातून पाणी घेतलं आणि विचारलं, "इथून अजून किती लांब?" मला उत्तर देता येईना. दुसऱ्या दिवशी आपल्या ऋताचा दहावीचा पेपर होता, आणि पोरांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून ती माणसं मध्यरात्री उठून आझाद मैदानापर्यंत चालत गेली. दिवसभर चाललेली माणसं. मला ते परवा बाईंना सांगायचं होतं. जर्मनमध्ये जमेल तसं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, परीक्षेसाठी? मी म्हटलं, हो, परीक्षेसाठी.

मग त्यांनी विचारलं, तुझ्या घरी कुणी मोर्च्यात गेलं होतं का?

मी तुझं नाव सांगितलं. लाटणे मोर्चाचं सांगितलं. दुष्काळ, महागाई, रेशनला रॉकेल नाही, तेल नाही, आणि मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या मागे हजारो बायका थाळ्यांवर लाटणी बडवत निघालेल्या. "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई गल्लीत" ही नंतरची, 1977 ला मृणालताई जिंकल्या आणि इंदिरा गांधी हरल्या तेव्हाची घोषणाही भाषांतर करून सांगितली, ती काही नीट जमली नाही. त्यांना लाटणं म्हणजे काय ते हातवारे करून दाखवलं. त्या खूश झाल्या. मग म्हणाल्या, तिला मूल होतं का तेव्हा? कुणापाशी ठेवलं होतं?

आणि मला माहीत नव्हतं. बाबा दोन वर्षांचे होते ना तेव्हा? तू आम्हाला लहानपणापासून थाळ्यांचा आवाज सांगितलास, पोलिसांच्या गाडीत बायकांनी ओव्या म्हटल्या ते सांगितलंस. घरून निघालीस त्या दुपारचं कधीच सांगितलं नाहीस. बाबांना कुणाकडे ठेवलंस? आजोबा काय म्हणाले? पणजी दारात उभी राहिली होती का? रात्रीचा स्वयंपाक करून गेली होतीस की परत आल्यावर केलास? त्याच लाटण्याने? भीती वाटली होती का? मला ते ऐकायचंय. तू सांग आणि ऋताला फोनवर रेकॉर्ड करायला सांग. सलग नाही जमलं तरी चालेल, दुपारी पडल्या पडल्या आठवेल तेवढं. बाबांनीही ऐकावं, त्यांनाही हे माहीत नसणार.

आई परवा म्हणत होती की ते लाटणं आता तडकलंय, कडेचा टवका उडालाय, नवं आणते. नवं आणू दे, पण जुनं टाकू देऊ नकोस. मी 20 डिसेंबरला पोचतेय, तोवर ते फडताळात वरच्या खणात ठेव. आणि डोळ्यात औषध वेळेवर घाल.

तुझी,
सायली