धुवणाच्या पाण्यातला धातू

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गॅलियम, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या टंचाईविषयी आणि चीनने त्यांपैकी काहींवर लावलेल्या निर्यातबंधनांविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून जे छापून येते, ते मी आवर्जून वाचतो. ही चर्चा बहुधा खाणींपाशी सुरू होते आणि खाणींपाशीच संपते. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील प्लेटिंगच्या, म्हणजे वस्तूंवर धातूचा मुलामा चढवण्याच्या, कारखान्यांत रसायनांची तपासणी करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्या अनुभवावरून सांगतो की यांतले काही धातू आपल्या गावात पाण्यात विरघळलेल्या रूपाने रोज हातचे निघून जातात. ते परत मिळवण्याची साधने जुनी आणि सिद्ध आहेत, पण सगळे पाणी एकाच टाकीत सोडण्याची आपली सवय त्यांच्या आड येते.

शहापूरच्या सराफ गल्लीतल्या जुन्या माणसांना झारेकरी आठवत असतील. पेढीतला आणि पेढीसमोरचा केर विकत घ्यायचा, तो धुऊन गाळून त्यातला सोन्याचा कण काढायचा, यावर त्यांचे पोट चाले. सोनार आपला केर रस्त्याच्या केरात मिसळू देत नसे, कारण वेगळा ठेवला तरच त्याला किंमत येते हे त्याला ठाऊक होते. सच्छिद्र पदार्थ वापरून द्रावणातून धातू वेचणे हे झारेकऱ्याचेच काम आहे, फक्त येथे कण डोळ्यांना दिसत नाही.

हे काम कसे चालते ते थोडे सांगतो. नारळाच्या करवंटीचा कोळसा वाफेच्या साह्याने भाजून सक्रिय केला की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. अशा एक ग्रॅम कोळशाचा अंतर्गत पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो, म्हणजे चिमूटभर कोळशात जवळपास दहा गुंठे जमीन. विरघळलेला धातू या पृष्ठभागाला चिकटून बसतो. यालाच अधिशोषण म्हणतात. आपल्याच राज्यात, रायचूर जिल्ह्यातील हट्टीच्या खाणीत, दळलेल्या खनिजातले सोने सायनाइडच्या द्रावणात उतरवून अशा कोळशावर पकडतात आणि मग गरम क्षारयुक्त द्रावणाने सोडवून विजेच्या साह्याने जमा करतात. साखर कारखान्यांच्या आपल्या बेळगाव जिल्ह्यात उसाच्या चिपाडाचा कोळसा का वापरू नये, असे मला पुष्कळदा विचारले जाते. तो धातू पकडतो, पण ठिसूळ असल्याने त्याचा भुगा होतो आणि पकडलेला धातू त्या भुग्याबरोबर निघून जातो. करवंटीचा कणखरपणा त्याला नाही.

कोळसा सरसकट सगळ्याच धातूंना सारखा धरत नाही. जेथे नेमका एकच धातू हवा असतो तेथे रेझिनचे, म्हणजे कृत्रिम राळेचे, मणी वापरतात. या सच्छिद्र मण्यांवर विशिष्ट धातूला धरणारे रासायनिक गट बसवलेले असतात. गॅलियमचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. बॉक्साइट या खनिजापासून अल्युमिना, म्हणजे अल्युमिनियमचा कच्चा माल, काढताना खनिजातले थोडेसे गॅलियमही कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उतरते, ते द्रावण पुन्हा पुन्हा फिरत राहिल्याने त्यात गॅलियम साठत जाते, आणि ॲमिडॉक्झिम गटाचे रेझिन ते अचूक वेचते. जगातले बहुतेक नवे गॅलियम अशाच द्रावणांतून निघते आणि त्यातला ९८ टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या चीनचा आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत गॅलियम आहे आणि निकेलही आहे. यमनापूर भागात अल्युमिना कारखाना असलेल्या बेळगावाने ही यादी परक्यासारखी वाचू नये. परंतु गॅलियमचा प्रश्न मोठ्या उद्योगाचा आहे. माझे सांगणे लहान शेडमधल्या निकेलविषयी आहे.

निकेल प्लेटिंगच्या टाकीत लिटरमागे साठ-सत्तर ग्रॅम निकेल असते. जॉब, म्हणजे मुलामा द्यायची वस्तू, टाकीतून वर काढला की त्याच्या अंगाबरोबर हिरवे द्रावण निथळत बाहेर येते आणि पुढच्या धुण्याच्या टाकीत उतरते. त्या पहिल्या टाकीतले पाणी वाहते न ठेवता साठवले, तर प्लेटिंगची टाकी गरम असल्याने वाफेने घटणारी पातळी भरून काढायला तेच परत घालता येते. त्याला कुठल्याही रेझिनची गरज नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या धुवणाचे पाणी मात्र फिकट असते आणि तेथे रेझिनचा खरा उपयोग होतो. आम्ही एकदा चार इंची पारदर्शक नळीत रेझिन भरून वरून हे पाणी सोडले होते. खालून पडणारे पाणी स्वच्छ, आणि नळीत हिरवा पट्टा दिवसागणिक बोटभर खाली सरकत असलेला स्पष्ट दिसे. पट्टा तळाशी येण्यापूर्वी नळी बदलायची. भरलेल्या रेझिनवरून सौम्य सल्फ्युरिक ॲसिड सोडले की निकेल सल्फेट मिळते, म्हणजे जे रसायन आपण पोत्याने विकत आणतो तेच. एक लिटर रेझिन एका खेपेस तीस-चाळीस ग्रॅम निकेल धरते आणि ॲसिडने धुतल्यावर पुन्हा कामाला येते. एक अडचण सांगितली पाहिजे : धुण्यासाठी बोअरचे जड पाणी वापरले, तर साध्या रेझिनची जागा कॅल्शियमच अडवून बसते. तेथे निकेलला अधिक घट्ट धरणारे चिलेटिंग रेझिन घ्यावे लागते, आणि ते महाग पडते.

आमचा तो प्रयोग चांगला चालला असताना बंद पडला. जागा वाचवण्यासाठी कोणीतरी क्रोमच्या धुवणाचा पाइप त्याच चेंबरला जोडला. क्रोमिक ॲसिडने काही आठवड्यांत मणी फुगून मऊ पडले आणि नळीतून पाणी उतरेना. पुढे निकेल, क्रोम, जस्त, तांबे असे सगळे पाणी पूर्वीप्रमाणे एकाच टाकीत गेले. अशा टाकीत क्रोमचे क्षपण करून, म्हणजे त्याचे विषारी रूप सौम्य करून, चुना टाकला की सगळे धातू एकत्र गाळ होऊन बसतात. तो गाळ घातक कचरा म्हणून पैसे मोजून उचलून द्यावा लागतो. ज्या धातूसाठी आपण एकदा पैसे दिले, त्याच्याच विल्हेवाटीसाठी दुसऱ्यांदा पैसे देतो. प्रक्रिया करून पाणी नाल्यात नियमाप्रमाणे स्वच्छ गेले, यावर समाधान मानण्याची पद्धत पडली आहे. धातूचे काय झाले हे कोणी विचारत नाही.

धातूचे अणू सेंद्रिय रेणूंनी जोडून केलेल्या सच्छिद्र धातू-सेंद्रिय जाळ्यांवरील कामासाठी सुसुमु किटागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याआधी २०२४ मध्ये झुरिचच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी दुधाच्या निवळीतील प्रथिनांपासून स्पंज तयार करून, संगणकाचे २० जुने मदरबोर्ड विरघळवलेल्या द्रावणातून ४५० मिलिग्रॅमची सोन्याची गोळी काढून दाखवली. हे वाचून कुंद्याच्या, म्हणजे दुधाच्या मिठाईच्या, गावातल्या माणसाला कौतुक वाटणारच. तरीही माझे मत असे की उद्यमबागेतल्या शेडला नव्या पदार्थाची वाट पाहण्याचे कारण नाही. यांतली अनेक जाळी महाग आहेत आणि काही तर आम्लाच्या पाण्यात टिकतही नाहीत.

अडते ते दुसरीकडे. दहा-बारा कामगारांच्या शेडला रेझिन धुण्यासाठी ॲसिड हाताळणे, तयार झालेले सल्फेट तपासणे हे झेपणारे नाही. यासाठी गॅस सिलिंडरसारखी व्यवस्था करता येईल : भरलेली नळी द्यायची, रिकामी घ्यायची, आणि उद्यमबाग-मच्छे भागासाठी एकच सामायिक केंद्र सगळ्यांचे रेझिन धुऊन देईल. महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्चक्रीकरणासाठी केंद्राने २०२५ मध्ये १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली आहे. तिचा रोख ई-कचरा आणि बॅटऱ्यांवर असला तरी लहान प्लेटिंगवाल्यांचे सामायिक केंद्र त्यात बसवता येते का, हे उद्योजकांच्या संघटनांनी पाहावे. पाण्याच्या तपासणीसाठी दूर जायला नको. गोगटे तंत्रज्ञान महाविद्यालय उद्यमबागेतच आहे आणि विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय याच शहरात. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी एकेका शेडच्या धुवणाचे नमुने घेऊन कोणत्या पाण्यात किती धातू जातो याचा हिशेब मांडला, तर मालकाला तो खर्चाच्या वहीत घेता येईल.

केंद्र होईल तेव्हा होवो. पाइप वेगळे करायला मात्र एक प्लंबर आणि एक रविवार पुरतो. रेझिनची नळी भरली की नाही हे पाहायलाही यंत्र लागत नाही : खालच्या पाण्याचे चार थेंब परीक्षानळीत घ्यावेत, त्यात थोडे अमोनिया आणि डायमिथाइल ग्लायॉक्झिमचे दोन थेंब टाकावेत. पाणी गुलाबी-लाल झाले तर निकेल निसटू लागले आहे असे समजून नळी बदलावी. टाकीवर उभ्या असलेल्या मुलाला ही परीक्षा मी पाच मिनिटांत शिकवीत असे, मराठीत आणि लागलीच तर कानडीतही.

आपला,
एक निवृत्त रसायन तपासनीस,
अनगोळ, बेळगाव