शंभर वेळा लिहिलेला ‘१’

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

मी पाठवलेला कागद आपण तपासून परत केलात, तो आज सकाळी टपालाने मिळाला, आणि दीड वर्ष ज्या एका ओळीपाशी मी अडले होते ती ओळ चहा निवण्याच्या आत उलगडली.

जपानी गणिती कियोशी इतो यांचे सूत्र, म्हणजे नेम नसलेल्या हालचालींच्या बदलाचा हिशेब, शिकवणे ज्यांचे काम होते, त्यांनी ‘पाठ करा, परीक्षेत तेवढेच येते’ असे म्हणून फळा पुसला; आणखी एकांनी तीन पत्रांची पोचही दिली नाही. आपली-माझी तर ओळखही नव्हती. तरी आपण मला रुपयाचे नाणे शंभर वेळा उडवायला लावलेत: छापा आला की एक पाऊल पुढे, काटा आला की एक मागे. मी कोठे पोहोचेन याचा नेम नाही. परंतु प्रत्येक पावलाचा वर्ग १च असल्यामुळे वर्गांची बेरीज दरवेळी नेमकी १००. प्रत्येक पाऊल त्याला लागणाऱ्या काळाच्या वर्गमुळाइतके ठेवून पावले बारीक करत गेले तरी ही बेरीज विरत नाही, सरलेल्या काळाइतकीच भरते, आणि म्हणूनच एरवीच्या कलनात (कॅल्क्युलसमध्ये) क्षुल्लक म्हणून सोडलेले पद इतोंच्या सूत्रात दुसऱ्या विकलजाचा (बदलाचा दर स्वतः ज्या दराने बदलतो त्याचा) निम्मा भाग होऊन ठाण मांडते.

वर्गांचा तो रकाना आपण शिसपेन्सिलीने स्वतः भरला आहे. वर एकदा १ लिहून खाली रेघ ओढली असती तरी चालले असते. आपण तो आकडा शंभर वेळा लिहिलात, आणि चौसष्टावा वाकडा आला म्हणून खोडून पुन्हा काढलात. मी रकान्यावरून बोट फिरवत खाली आले तेव्हा डोळे भरून आले होते.

इतो १९३९ ते १९४३ या काळात सरकारी सांख्यिकी कार्यालयात नोकरीला होते आणि तेथील संचालकांनी त्यांना अभ्यासासाठी मोकळा वेळ दिला, त्याच वर्षांत, १९४२ साली, त्यांचा पायाभूत निबंध जपानीत, चक्रमुद्रित अंकात निघाला. युद्धाच्या धामधुमीत तो देशाबाहेर कोण वाचणार होते? गणिताच्या उपयोजनासाठीचे पहिले गाउस पारितोषिक २००६ साली मिळाले तेव्हा वयाच्या नव्वदीत त्यांना माद्रिदला जाणे झेपले नाही. त्या संचालकांचे नाव सूत्राला नाही. आपल्यासारख्यांचेही कधी नसते. इतोंनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दिलेली व्याख्याने वाचा, असे आपण लिहिले आहे. ती आजच उघडते.

‘समजल्यावर हा कागद फाडून टाकावा’ असेही आपण तळाशी लिहिले आहे. तेवढी एक आज्ञा मोडत आहे, क्षमा असावी.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी