स्कूटीचे पैसे परत पाठवते आहे

पुणे, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

अण्णा, तुम्ही माझ्या खात्यात चाळीस हजार टाकलेत, त्याचा मेसेज शुक्रवारी भर वर्गात आला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून तुम्ही "सेकंडहॅण्ड स्कूटी बघून ठेव" म्हणालात, तेव्हा मी "बघू" म्हणाले होते. आपल्या घरात "बघू" म्हणजे नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. पैसे उद्या परत टाकते. फोनवर सांगितलं तर तुम्ही मधेच "बरं बरं, आईशी बोल" म्हणून फोन तिच्या हातात द्याल, म्हणून कागदावर लिहिते आहे. आईने हे मोठ्याने वाचून दाखवावं. का वाचून दाखवावं लागणार, त्यावर पुढे येतेच.

दादाचं म्हणणं मला ठाऊक आहे. पुण्यात राहून बसने फिरायचं म्हणजे बार्शीतच राहिल्यासारखं. त्याला सांगा, मी बार्शीचीच आहे.

आधी माझी फजिती सांगते, नाहीतर दुसरीकडून कळेल. ॲडमिशनच्या दिवशी स्वारगेटला उतरले आणि बसमध्ये चढून ऐटीत म्हणाले, "एक डेक्कन द्या." कंडक्टरने दिलं. डेक्कनला उतरले, एका मुलाला कॉलेज कुठे म्हणून विचारलं. त्याने सरळ हात दाखवला, मी चालत गेले आणि गेटवरच्या कमानीवर नाव वाचलं तर फर्ग्युसन! वॉचमनकाका हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "ताई, डेक्कन म्हणजे डेक्कन जिमखाना. तुमचं डेक्कन कॉलेज येरवड्याला, नदीच्या पल्याड." म्हणजे शहराचं दुसरं टोक. त्या दिवशी कागदपत्रांची खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं असताना पोचले. भाषाविज्ञान शिकायला निघालेल्या बाईला एका शब्दाचे दोन अर्थ कळले नाहीत! एकतिसाव्या वर्षी, सहा वर्षं कंत्राटी मास्तरकी करून झाल्यावर.

तेव्हापासून पाटी नीट वाचते. आता सकाळचा क्रम असा : कोथरूड डेपोवरून पुणे स्टेशनची ९४ नंबरची गाडी, स्टेशनला उतरून दुसरी, बंडगार्डनचा पूल ओलांडला की उतरायचं आणि पुढे चालायचं. रस्ता मोकळा असेल तर सव्वा तास, नसेल तर विचारू नका. नळ स्टॉपला गाडी थांबली की मी पुस्तक काढते, कारण तिथून पुढे डेक्कनपर्यंत एक प्रकरण आरामात होतं.

तुम्ही म्हणाल, मग मेट्रो का नाही? वनाजहून येरवड्याला ती थेट जाते, मान्य. परीक्षा असली किंवा झोप लागून उशीर झाला की मी तिनेच जाते. थंडगार असते, धक्के नाहीत, आणि सगळे कानात काहीतरी घालून बसलेले असतात. पण रोजचं परवडलं पाहिजे. बसचा विद्यार्थी पास एकदा काढला की महिनाभर कुठेही चढा, कुठेही उतरा. शनिवारी मी भांडारकर संस्थेत जाते, कधी टिळक रोडला साहित्य परिषदेत, कधी नुसतीच मंडईत. सगळं त्याच पासावर.

अण्णा, तुम्ही एसटीचे जुने कंडक्टर, दराचं तुम्हाला सांगितलंच पाहिजे, नाहीतर तुम्हाला झोप लागणार नाही. तुमचा एसटीचा भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा. इथे जूनपासून पाच-पाच किलोमीटरचे टप्पे केलेत : पहिल्या पाचला दहा रुपये, दहापर्यंत वीस, पंधरापर्यंत तीस. दिवसभराचा पास सत्तर रुपयांना. साधा मासिक पास पंधराशेला, विद्यार्थ्याचा त्याहून बराच स्वस्त. आई, तुला एसटीत अर्धं तिकीट लागतं, तसं इथे रोजच्या गाड्यांना नाही. पण बायकांसाठी वेगळ्या 'तेजस्विनी' गाड्या आहेत, आणि महिन्याच्या आठ तारखेला त्यांत तिकीट नसतं. काल आठ तारीख होती. एक आजी चढल्या आणि पर्स उघडून उभ्याच राहिल्या. फुकट आहे हे चार जणींनी सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसेना. शेवटी कंडक्टर बाई म्हणाल्या, "आजी, द्यायचेच असतील तर मला चहाला द्या." तेव्हा कुठे पर्स बंद झाली.

इथल्या थांब्यांची आणि देवळांची नावं ऐकशील तर आई तू खूश होशील. देवांचीच किती! पासोड्या विठोबा, भिकारदास मारुती, जिलब्या मारुती, सोट्या म्हसोबा. आपल्या भगवंताला कोणी असं नाव ठेवलं असतं तर बार्शी बंद झाली असती. लकडी पुलावर औषधालासुद्धा लाकूड नाही. पानिपताच्या साली, म्हणजे १७६१ ला, लाकडाचा बांधला होता, म्हणून नाव राहिलं. कागदोपत्री तो संभाजी पूल आहे, पण तसं तिकीट मागितलंत तर कंडक्टर दोनदा विचारेल. शिवाजीनगरला सिमला ऑफिस म्हणून थांबा आहे. ते हवामान खात्याचं ऑफिस, १९२८ ला सिमल्याहून इथे आलं. शंभर वर्षं होत आली, पुणेकरांच्या तोंडी ते अजून सिमल्यातच आहे. आणि जुनी माणसं बसला अजून पीएमटीच म्हणतात. पुण्याची बससेवा पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी २००७ सालीच एक झाल्या, गाड्यांवर नवं नाव आलं, पण "पीएमटीने आलो" हे काही जात नाही. मी यावर टिपणं काढते आहे. मॅडम म्हणाल्या, यातून शोधनिबंध होईल. म्हणजे बसभाडं वसूल.

एक धडा मात्र पाय दुखवून शिकले. आपल्याकडे उतरलो तिथेच, रस्ता ओलांडून समोर उभं राहिलं की परतीची गाडी मिळते. मी मंडईत शिवाजी रस्त्यावर उतरले, वांगी आणि मेथी घेतली, आणि समोर जाऊन उभी राहिले. अर्धा तास झाला. तीन गाड्या गेल्या, तिन्ही स्वारगेटच्याच दिशेला. शेजारी कोथिंबिरीच्या जुड्या लावत बसलेल्या मावशी बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाय, हितं दिवसभर हुबी राह्यलीस तरी तुजी गाडी न्हाई यायची. ती बाजीराव रस्त्यानं जाती." शिवाजी रस्ता फक्त स्वारगेटकडे जातो आणि बाजीराव रस्ता फक्त उलटीकडे. म्हणजे माणूस एका गल्लीतून आत येतो आणि दुसरीतून बाहेर पडतो. गंमत अशी की मावशींनी सांगितल्याप्रमाणे जाऊन जिथे उभी राहिले, तिथे विश्रामबागवाडा. आमचं कॉलेज १८२१ साली याच वाड्यात पाठशाळा म्हणून सुरू झालं होतं. येरवड्याला ते फार नंतर गेलं. हातात मेथीची पिशवी धरून मी त्या लाकडी कोरीव खांबांकडे बघत राहिले, आणि तेवढ्यात एक गाडी चुकली.

कॉलेजात संस्कृतच्या मोठ्या कोशाचं काम चालतं. १९४८ साली सुरू झालेलं, अजून 'अ' संपलेला नाही. त्यासाठी जुन्या ग्रंथांतून शब्द वेचून लिहिलेल्या लाखो कागदी चिठ्ठ्या खणांमध्ये लावून ठेवल्यात. पहिल्यांदा तो खण ओढला तेव्हा मला ग्रंथ वगैरे काही सुचलं नाही. तुमचा तिकिटांचा ट्रे डोळ्यांपुढे आला. रंगवार लावलेल्या गड्ड्या, वर रबर, आणि घरी आल्यावर वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, जुळेपर्यंत जेवायचं नाही हा तुमचा नियम.

आता एक दृश्य सांगते, ते नीट ऐका. सोमवारी ९४ ला भयंकर गर्दी होती. कंडक्टर बाई माझ्याच वयाच्या. गाडीला आधार म्हणून काहीच न धरता त्या मधोमध उभ्या होत्या. म्हटलं, ही पडत कशी नाही? वाकून बघितलं तर कंबर सीटच्या दांडीला टेकवलेली, एक पाय पुढच्या सीटच्या पायाला अडकवलेला, दोन्ही हात मोकळे. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्याने गळ्यातलं स्कॅन करायचं कार्ड पुढे धरत होत्या. गाडीने ब्रेक मारला की आम्ही चाळीस जण एकमेकांच्या अंगावर, आणि त्या जागच्या जागी. अण्णा, सातवीत मला सुट्टी होती म्हणून वैरागच्या फेरीला घेऊन गेला होतात, तेव्हा तुम्ही अस्सेच उभे होतात. मला वाटायचं, ही आपल्या अण्णांचीच काहीतरी जादू आहे. उतरताना मी त्यांना म्हणाले, "माझे वडील एसटीत होते." त्या म्हणाल्या, "मग पुढच्या दाराने उतरायचं तुम्हाला सांगायला नको."

सगळं गोड आहे असं नाही. संध्याकाळी सहाला स्टेशनवर चढणं म्हणजे कुस्ती. पावसाळ्यात दोनदा पूर्ण वेळ एका पायावर आले. थांब्याच्या पुढेच लोक दुचाकी लावून मोबाईल बघत बसतात, मग बस रस्त्याच्या मध्ये थांबते आणि आम्ही दुचाक्यांच्या मधून पळत चढतो. आणि खरं सांगू का, हेच बघून मला स्कूटी नको वाटते. आमच्या वर्गात अकरा जण आहेत, त्यातले चौघे या सहा महिन्यांत गाडीवरून पडलेत. एकीचा हात अजून गळ्यात आहे. इथले लोक सिग्नलला सुचवणी समजतात. बसमध्ये निदान पडायला जागा नसते.

पैशांचं. आईने मला दिवाळीत मागच्या दारी सांगितलं, तुम्हाला कळू न देता. म्हणाली, अण्णा आता स्टँडवर गाडीची पाटी वाचत नाहीत, ड्रायव्हर ओळखीचा आहे का बघून चढतात. परवा परांड्याच्या गाडीत बसून गेले आणि घरी येऊन म्हणाले, मुद्दाम फेरफटका मारला. अण्णा, तीस वर्षं पाट्या वाचलेल्या माणसाने असं करावं? मोतीबिंदू "पिकू दे, मग बघू" म्हणता. पिकायची वाट बघायचे दिवस गेले. आता दिसायला अडचण होऊ लागली की काढतात, आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. फार पिकवला तर उलट काम अवघड होतं. चाळीस हजार त्याला लावा. बार्शीत करायचा असेल तर मी येते. इथे करायचा असेल तर माझ्या खोलीत दोघांची सोय होते, घरमालकीणबाईंना विचारून ठेवलंय.

इथे येणार असाल तर सकाळची गाडी धरा. हडपसरला अर्धी गाडी रिकामी होते, सगळे उतरतात म्हणून तुम्ही उतरू नका. स्वारगेटपर्यंत बसून राहा. मी फलाटावरच असेन, अण्णांना लांबून दिसावं म्हणून लाल ओढणी घेते. तिथून कोथरूड डेपोची बस आहे, अकरानंतर गर्दी ओसरते, बसायला मिळतं. अण्णांना खिडकी, आईला माझ्याशेजारची जागा. कंडक्टरशी वाद घालायचा नाही, त्याने मोजणी चुकवली तरी.

शेंगांची चटणी आणा, इथली गोड असते.

तुमची,
छबू

ता. क. आई, पिशव्या दोनच. तिसरी झाली तर मला रिक्षा करावी लागेल, आणि मग अण्णा घरापर्यंत मीटरकडे बघत बसतील. दिसत नसलं तरी.