जुन्या ठाण्याचा बाजार तळमजल्यावरच वाचवावा लागेल

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ठाणे स्थानकापासून जांभळी नाक्यापर्यंतच्या जुन्या बाजारपेठेचा कायापालट करण्याच्या घोषणा आम्ही ठाणेकर वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. 2016 साली स्मार्ट सिटी अभियानात शहराची निवड झाली, गावदेवी मैदानाखाली वाहनतळ उभा राहिला, मासुंदा तलावाच्या काठावर सुशोभीकरण झाले आणि 31 मार्च 2025 रोजी ते अभियानही संपले. या कामांचे मोल मी नाकारत नाही. मात्र ज्या गाळ्यांमुळे या भागाला बाजारपेठ म्हणायचे, त्यांच्या भवितव्याचा विचार यांपैकी कोणत्याही कामात मध्यवर्ती नव्हता. हे गाळे आज कशामुळे धोक्यात आले आहेत, एवढ्याच मुद्द्यासाठी हा पत्रप्रपंच.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्यात आली आणि दहाच वर्षांत, 1863 मध्ये, येथे नगरपालिका स्थापन झाली. स्थानक, कौपिनेश्वर मंदिर, तलाव, मंडई आणि धान्य-किराण्याचा घाऊक बाजार हे सारे पायी फिरता येईल एवढ्या अंतरात वसले, आणि आजही ते तसेच आहे. शहर घोडबंदर रस्त्याने कासारवडवलीच्या पलीकडे गेले, वाटेत मोठे मॉल झाले, तरी दिवाळीच्या खरेदीला, लग्नाच्या बस्त्याला, गणपतीच्या सजावटीला लोक गोखले रोड, राम मारुती रोड आणि जांभळी नाक्यावरच येतात. त्यामुळे मॉलने जुना बाजार मारला, असे मला वाटत नाही. या बाजाराला खरी इजा होते आहे ती त्याच्या इमारती ज्या रीतीने मोडकळीस येत आहेत आणि ज्या रीतीने त्या पुन्हा बांधल्या जात आहेत, त्यातून.

जुन्या पेठेतील अनेक गाळे पागडीचे, म्हणजे मालकाला एकरकमी रक्कम देऊन अल्प भाड्याने घेतलेले, आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 ने पागडीच्या व्यवहाराला मान्यता दिली आणि भाड्यात दरवर्षी 4 टक्के वाढ करण्याची मुभाही दिली. परंतु मूळ भाडेच इतके अल्प की त्या वाढीतून साधी गच्चीची गळतीही दुरुस्त होत नाही. मालकाला दुरुस्तीत स्वारस्य उरत नाही आणि भाडेकरूला मालकीचा हक्क नसल्याने त्याचा खर्च करण्यास हात धजावत नाही. इमारत तीस वर्षांची झाली की संरचनात्मक तपासणी बंधनकारक होते, पुढे कधीतरी ती ‘सी-1’ म्हणजे अतिधोकादायक ठरते आणि नोटीस लागते. माणसांच्या जिवाचा प्रश्न असल्याने महापालिकेने अशी इमारत रिकामी करून घेतलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण घर सोडणाऱ्याला भाड्याने दुसरे घर मिळते, तसे दुकान सोडणाऱ्याला गिऱ्हाईक मिळत नाही. पिढ्यान्पिढ्या बांधलेली गिऱ्हाइकी तीन-चार वर्षांच्या बंदीत विखुरते, आणि काम रेंगाळले तर दुकानदार परत येतच नाही.

जो परत येतो त्याला काय मिळते, हेही पाहावे. नव्या इमारतीत तळमजल्याचा मोठा भाग वाहने लावण्यासाठी आणि वरच्या पोडियमकडे, म्हणजे इमारतीच्या खालच्या वाहनतळाच्या मजल्यांकडे, जाणाऱ्या उतारासाठी जातो. रस्त्याला लागून जिथे आठ-दहा छोटी दुकाने होती तिथे एक लांब भिंत, एक फाटक आणि एखाद्या मोठ्या नाममुद्रेचे काचेचे दालन उरते. पूजासाहित्य, बांगड्या, मसाले, भांडी विकणारा मागच्या बाजूला किंवा पहिल्या मजल्यावर ढकलला जातो, जिथे जाता-येता कोणाची नजर पडत नाही. कागदोपत्री त्याचे क्षेत्रफळ पूर्ण भरते, पण त्याची दर्शनी रुंदी गेलेली असते, आणि किरकोळ व्यापारात धंदा दर्शनी रुंदीवर चालतो. त्यात नव्या सोसायटीचा मासिक देखभाल खर्च वरच्या सदनिकाधारकांच्या हिशेबाने ठरतो. उद्वाहक, तरणतलाव यांचा भार शंभर-दीडशे चौरस फुटांच्या दुकानाने का सोसावा?

म्हणून जुन्या पेठेतील प्रत्येक पुनर्विकासाला परवानगी देताना महापालिकेने काही अटी घालाव्यात. इमारत पाडण्यापूर्वी प्रत्येक गाळ्याचे क्षेत्रफळ आणि त्याची रस्त्याकडील रुंदी मोजून नोंदवावी, आणि ती रुंदी नव्या तळमजल्यावर परत द्यावी. वाहनतळाचा उतार मुख्य बाजाररस्त्यावर न काढता बाजूच्या गल्लीतून काढावा. पुढचे सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि रस्ता यांमधली मोकळी जागा, दुचाक्यांनी भरू न देता ते पदपथाच्या पातळीला आणून त्याला जोडावे. दुकानांचा देखभाल खर्च निराळा ठरावा. वाढीव चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे त्याच भूखंडावर जादा बांधकाम करण्याची मुभा, हा शहराने दिलेला लाभ आहे; त्याच्या मोबदल्यात एवढे मागण्याचा अधिकार शहराला नक्कीच आहे.

पदपथांविषयी थोडेच लिहितो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. रेल्वे स्थानकापासून 150 मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई आहे, ती पाळली जावी. पण 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण करून विक्री क्षेत्रे आखून देणे हेही महापालिकेचे कर्तव्यच आहे, आणि ते टाळून केवळ कारवाईची गाडी फिरवल्याने संध्याकाळी पुन्हा तेच चित्र दिसते. जांभळी नाक्यावर माल उतरवणाऱ्या टेम्पोंना सकाळची ठरावीक वेळ नेमून दिली आणि ती कठोरपणे पाळली, तर दुपारनंतर चालणाऱ्यांना मोकळा रस्ता मिळेल. दिल्लीच्या चांदनी चौकात 1.3 किलोमीटरच्या पट्ट्यात सकाळी 9 ते रात्री 9 मोटारींना बंदी घालण्यात आली. पुण्याने लक्ष्मी रस्त्याच्या एका भागात पादचारी दिन सुरू केला. राम मारुती रोडवर सणासुदीच्या आधीच्या रविवारी असा प्रयोग करून पाहण्यास काय हरकत आहे? अर्थात, त्याआधी व्यापारी आणि तेथील रहिवासी यांच्याशी बोलावे; ज्येष्ठांच्या रिक्षांची आणि रुग्णवाहिकांची सोय त्यांनीच सुचवावी.

हे सारे आताच व्हायला हवे, कारण केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर केलेली 29 किलोमीटरची ठाणे अंतर्गत वर्तुळाकार मेट्रो नौपाड्याला आणि रेल्वे स्थानकाला जोडणार आहे. मेट्रो आली की भोवतालच्या जमिनीचे दर चढतात आणि रखडलेले पुनर्विकासाचे प्रस्ताव एकदम हलू लागतात. त्या प्रस्तावांवर मंजुरीचे शिक्के उमटण्याआधी वरील अटी लेखी स्वरूपात असाव्यात. त्यासाठी महापालिकेने स्थानक ते जांभळी नाका या भागापुरता स्वतंत्र आराखडा मराठीतून प्रसिद्ध करावा, तो गडकरी रंगायतनसारख्या सर्वांना सहज पोहोचता येईल अशा ठिकाणी मांडावा, आणि त्यावरील सुनावणी दुकानदारांना हजर राहता येईल अशा वेळी, म्हणजे बाजाराच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी ठेवावी.

आपला,
एक वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)