थॅडियस स्टीव्हन्स यांचे नाव राहून गेले

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या जन्माधारित नागरिकत्वावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. हे नागरिकत्व देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीचे सारे श्रेय त्यात लिंकनना देऊन टाकले आहे. लिंकन यांची हत्या झाली १८६५ मध्ये. ही दुरुस्ती प्रतिनिधिगृहात मांडली १८६६ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याचे प्रतिनिधी थॅडियस स्टीव्हन्स यांनी. त्यांचा साधा उल्लेखही नाही!

स्टीव्हन्स जन्मतः एका पायाने अधू, बाप घर सोडून गेलेला. १८१६ पासून त्याच राज्यातल्या गेटिसबर्गमध्ये वकिली. तिथलाच एक खटला त्यांच्या कौतुकात सहसा कुणी काढत नाही. पेनसिल्व्हेनियात सहा महिने राहिलेला गुलाम कायद्याने मुक्त होई. चॅरिटी बटलर या स्त्रीने त्यावर दावा लावला. स्टीव्हन्स मालकाचे वकील. तुकड्यातुकड्यांनी भरलेले सहा महिने चालणार नाहीत, ते सलग हवेत, असा मुद्दा काढून त्यांनी १८२१ मध्ये तिला हरवले. पुढे पळून आलेल्या गुलामांचे खटले त्यांनीच लढवले, पण चॅरिटीला त्याचा काय उपयोग?

१८३४ चा मोफत शाळांचा कायदा पुढच्याच वर्षी राज्याचे विधिमंडळ रद्द करायला निघाले होते. दुसऱ्यांच्या पोरांसाठी आम्ही कर का भरायचा, ही तक्रार. गुन्हेगारांना पोसायला मुकाट पैसे देता, मग माणूस गुन्हेगार होऊ नये म्हणून द्यायलाच का कुरकुरता, असा स्टीव्हन्स यांचा रोकडा सवाल होता. कायदा टिकला. माझ्या मते त्या विधिमंडळाचे सदस्य म्हणून त्यांची खरी कमाई हीच.

चौदाव्या दुरुस्तीचा मसुदा त्यांना अपुराच वाटत होता. तरी मत दिले. मी देवदूतांत नव्हे, माणसांत राहतो, म्हणाले. १८६८ च्या जुलैत ती मंजूर झाली, ऑगस्टमध्ये ते वारले. इतर दफनभूमींत वर्णाची अट होती, म्हणून लँकेस्टरमधली बिनअटीची जागा त्यांनी निवडली आणि कारण थडग्यावर कोरवून घेतले.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली तीही एकट्या लिंकनना नव्हे, अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या लोकांपैकी एकावर, चॅरिटीच्या खटल्यासकट, पुरवणीत स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वकील, सातारा